जांभळ्याचं निळं

गारिफालियावर आळ आला तो गुरुवारी, आणि रविवारी चर्च सुटेपर्यंत गावातल्या मांजरांनासुद्धा तो तोंडपाठ झाला होता. आळ असा, की बार्बा लिगोरिसच्या रंगात तिनं नीळ कालवली. नीळ म्हणजे चुन्यात घालतात ती, दुकानात पुडीत मिळणारी.

पुडी तिनं घेतली होती, हे काही खोटं नाही. एक नाही, चांगल्या दोन घेतल्या होत्या. ईस्टर तोंडावर आलं की या गावातली प्रत्येक बाई चुन्याची बादली घेऊन आपापल्या भिंतीला भिडते, आणि पांढरा रंग खुलावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकते. त्या आठवड्यात दुकानदार पोलिडोरोसनं चाळीसेक पुड्या तरी विकल्या असतील. पण लक्षात त्याच्या नेमक्या दोनच राहिल्या. "मी आपलं काही म्हणत नाही हं," असं म्हणत म्हणत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं सांगत होता.

झालं होतं असं. डोंगरावरच्या मठाला पवित्र आठवड्यासाठी वेदीवरचं वस्त्र विणायचं होतं आणि त्याच्या काठाला खरा जांभळा रंग हवा होता, समुद्रातला. तो रंग आता अख्ख्या आखाताकाठी एकच माणूस काढतो, बार्बा लिगोरिस, म्हणजे लिगोरिसकाका. काढतो म्हणजे नाव त्याचं. त्याचं वय एकोणऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारा असा भडकतो की डॉक्टरनंही विषय सोडून दिलाय. एकवीस वर्षं काटेरी शंख फोडून आतली पिवळट गाठ सुरीनं उचलायचं काम गारिफालियाच करत आलीय. ते ताटात पसरून उन्हात ठेवायचं, राखेचं पाणी गाळायचं, कोमट ठेवायचं, ढवळायचं, सगळं तिच्याच गळ्यात. त्या कामाला वास असा, की बसमध्ये ती चढली की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. तिला त्याचं काही वाटत नसे. पाय पसरून बसायला मिळायचं.

चार लडी लोकर रंगवायची होती. तेवढ्याला तीन हजारांवर शंख लागले, आणि तेही उपासाच्या दिवसांत. या दिवसांत मासा चालत नाही, पण शंखातल्या जिवाला रक्त नसतं म्हणून तो चालतो. त्यामुळे जाळ्यात आलेला शंख आधी खानावळीत जायचा आणि मग उरलासुरला रंगाला. तरी तिनं कोळ्यांच्या हातापाया पडून, एकाशी तर चक्क भांडून, तीन हजार जमवले. आणि आता लोक म्हणत होते, शंख कमी पडले म्हणून बाईनं नीळ घातली. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

गुरुवारी दुपारी सिस्टर थिओपेम्प्ती मठाची गाडी घेऊन आल्या. बार्बाला आत नेऊन काहीतरी बोलल्या, चार लडी टेबलावर टाकल्या आणि गेल्या. लडी निळ्या होत्या. आकाशासारख्या वगैरे नव्हेत, शाळेच्या गणवेशासारख्या निळ्या.

"पोरी," बार्बा म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांच्या विधवेला तो अजून पोरीच म्हणायचा. "शंख कमी पडले होते का?"

"कमी पडले असते तर सांगितलं असतं."

"मग हे निळं कुठून आलं?"

"मला काय ठाऊक? लोकर पाण्याबाहेर काढली तेव्हाच मी म्हटलं होतं, ही निळी होतेय. विचारा तुमच्या नातीला. ती म्हणाली, सुकल्यावर बसेल रंग, आणि ओलीच मठावर पाठवली."

नात फेव्रोनिया दाराशी उभी होती. अथेन्समधली नोकरी सोडून वर्षभरापूर्वी ती गावाला परतली होती, आणि आजोबांचा धंदा पुन्हा उभा करायचं खूळ तिनं डोक्यात घेतलं होतं. वाईट नव्हती पोरगी. फक्त तिला सगळं दाखवायचं असायचं. प्रवासी येतात, त्यांना रंग होताना दिसला पाहिजे, फोटो काढता आले पाहिजेत. जुना मातीचा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर गोणपाट. त्यात काय दिसणार, कपाळ! यंदा तो रांजण तडकला, तशी तिनं दारूच्या तीन काचेच्या बरण्या आणल्या, गोल पोटाच्या, आणि दक्षिणेकडच्या ओट्यावर मांडल्या. उन्हानं पाणी आपसूक कोमट राहील, लाकूडफाटा वाचेल, हाही हिशेब त्यात होता.

"म्हणाले मी तसं," फेव्रोनिया म्हणाली. "पण मावशी, सहाव्या दिवशी आपण नमुन्याचा दोरा बुडवला होता ना? जांभळा निघाला होता. दोघींनी बघितलाय. मग पुढच्या पाच दिवसांत असं काय झालं? कुणी काही घातल्याशिवाय?"

"कुणी म्हणजे मीच की."

गारिफालिया म्हाताऱ्याकडे बघत राहिली. एकवीस वर्षांत त्यानं तिला शंभरदा शिव्या घातल्या असतील, पण त्या शिव्यांत कधी शंका नव्हती. तो लोकरीवरून नुसता हात फिरवत बसला होता.

"थोडे दिवस येऊ नकोस," तो शेवटी म्हणाला. "लोकांची तोंडं बंद होऊ देत."

"लोकांना अजून काही कळलेलं नाही, बार्बा. तुम्ही मला घरी बसवलंत की कळेल."

तसंच झालं. फेव्रोनियानं ओट्याच्या फाटकाला कुलूप लावलं, आणि संध्याकाळपर्यंत पोलिडोरोसला दोन पुड्यांची आठवण झाली.

सोमवारी ती स्वतःच्या घराच्या भिंतीला चुना देत होती. शेजारीण कालिरोई कुंपणावरून वाकली.

"नीळ उरली का गं थोडी?" तिनं विचारलं. "नाही, म्हटलं, सगळी संपली असेल."

"तुझ्या जिभेला लावण्यापुरती आहे. ये, तोंड उघड."

कालिरोई हसत हसत गेली, पण गारिफालियाला हसू आलं नाही. हातातला कुंचला गळत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. या गावात तिच्याजवळ होतं काय? नवरा समुद्रात गेला, मुलगा बेल्जियममध्ये. शेत नाही, होडी नाही. एक नाव होतं, की ही बाई खोटं करत नाही. तेवढ्यावर तिला उधार मिळायचं, तेवढ्यावर लोक घराच्या किल्ल्या तिच्याकडे ठेवून गावाला जायचे. परवा पहिल्यांदा शेजारच्या म्हातारीनं किल्ली दुसरीकडे दिली.

ती पायरीवर बसली आणि डोकं चालवू लागली. शंख तेच. राख तीच, लिंबाच्या लाकडाची. पाणी विहिरीचंच. सहाव्या दिवसापर्यंत रंग ठीक. मग पाच दिवसांत काय शिरलं त्यात? माणूस कुणी शिरलं नव्हतं, ते ती शपथेवर सांगू शकत होती, कारण ती स्वतःच तिथे होती. पहिले सहा दिवस ढग होते, एवढं तिला आठवत होतं. वाळत घातलेले कपडे वाळेनात म्हणून चिडचीड झाली होती. मग सातव्या दिवशी आभाळ फाटलं आणि ऊन पडलं ते पडलंच.

ऊन. पण उन्हानं जांभळ्याचं काही बिघडत नाही, हे तर या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बार्बाच्या आजीचं लग्नातलं पोलकं पन्नास वर्षं खिडकीत टांगलेलं होतं, पोलकं विरलं पण रंग हलला नाही. उलट उन्हाशिवाय रंग होतच नाही. ताटात पसरलेली गाठ उन्हात आधी पिवळी, मग हिरवी, मग जांभळी होते, लसणीसारखा वास सोडते. म्हणून तर फेव्रोनियानं बरण्या उन्हात ठेवल्या तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. जे ताटात चांगलं, ते बरणीत वाईट कसं असेल?

पण बरणीत तो जांभळा असतो कुठे? राखेच्या पाण्यात मुरला की त्याचा जांभळेपणा पार जातो, नुसतं हिरवट-पिवळं पाणी उरतं. लोकर त्यात बुडवून वर काढली, वारा लागला, की मग तो परत येतो. म्हणजे पाण्यात असतो तेव्हा तो उघडा असतो, सालं काढलेल्या बटाट्यासारखा. तेव्हाच त्याला ऊन लागलं तर? आणि बार्बाची आई, स्तामातुला म्हातारी, दिवसाउजेडी रांजणाचं झाकण कुणाला उचलू द्यायची नाही. उचललं की पळीनं हाणायची. रंगाला दृष्ट लागते म्हणायची. तिच्या मागे सगळे हसायचे, बार्बासुद्धा. झाकण असतं ते वास कोंडावा म्हणून, असंच सगळे धरून चालायचे.

गारिफालिया उठली. तिसरी बरणी. तिसऱ्या बरणीला अंगाभोवती विणलेली वेताची घट्ट टोपली होती, वरून डांबर फासलेली, कुणा खलाशाची असावी. पहिल्या दोघींच्या टोपल्या फेव्रोनियानं कापून काढल्या, हिची काही केल्या निघेना, म्हणून ती तशीच कोपऱ्यात ठेवली. लोकर पहिल्या दोन बरण्यांतच रंगली. तिसरी अजून ओट्यावर होती, बुचावर मेण लावलेली, कुलपाआड.

ती बार्बाकडे गेली नाही. तशीच चुन्याच्या हातांनी मठाची चढण चढली.

"मी काही रंगाची न्यायाधीश नाही," सिस्टर थिओपेम्प्ती म्हणाल्या. आधी त्या एका इस्पितळात नर्स होत्या आणि अजून प्रत्येकाशी पेशंट असल्यासारख्या बोलायच्या.

"तुम्हाला जांभळी लोकर हवीय ना?"

"हवीय."

"मग चपला घाला."

मंगळवारी सकाळी दहाला फाटक उघडलं. फेव्रोनियाचा चेहरा उतरला होता, पण सिस्टर समोर असल्यावर नाही कसं म्हणणार? मेण फोडायच्या आधी गारिफालियानं तिलाच ते तपासायला लावलं.

"तुझंच आहे ना? नीट बघ. नंतर म्हणशील मावशीनं फोडलं."

"माझंच आहे," फेव्रोनिया हळूच म्हणाली.

ऊझो दारूच्या दोन रिकाम्या बाटल्या, बिनरंगी काचेच्या. दोन्ही एकाच बरणीतून काठोकाठ भरल्या, बुचं मारली. एकीला गारिफालियानं डोक्यावरचा काळा रुमाल काढून चार वेढे गुंडाळले. दुसरी उघडी. दोन्ही ओट्याच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळे बसले. बार्बाला खुर्ची आणून दिली. फेव्रोनियानं कॉफी केली. सिस्टरनी उपासाचे तिळाचे लाडू काढले, कुणी घेतले नाहीत, मग त्यांनी स्वतःच दोन खाल्ले. तासभर काही घडलं नाही. ऊन तेवढं होतं, झकास, डोळे दिपवणारं.

"वेळ फुकट जातोय," सिस्टर म्हणाल्या. "मला तर वाटत होतं, निघेल धुऊन. गुरुवारी मी यांना सांगितलंच. तीनदा धुतली लोकर, गरम पाण्यात, साबण लावून. एक थेंब निळा निघाला नाही. पाणी आपलं स्वच्छ."

गारिफालियानं कप खाली ठेवला. चुना देताना दरवर्षी तिचा लोकरीचा स्वेटर निळीनं माखायचा, आणि एका पाण्यात साफ निघायचा. नीळ लोकरीला धरतच नाही. नुसती वर बसते आणि धुतली की वाहून जाते. तिला हे या पाच दिवसांत सुचलं नव्हतं, कारण लोकर मठात धुतली गेली हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण बार्बाला सांगितलं होतं. आणि साठ वर्षं लोकर रंगवणाऱ्या माणसाला हे कळायला डोळे लागत नाहीत. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो पायाखालच्या फरशीकडे तोंड करून बसला होता.

आधी काम. तिनं रुमाल सोडला, दोन्ही बाटल्यांत पांढऱ्या लोकरीचा एकेक धागा सोडला, थोडा वेळ मुरू दिला आणि काडीनं वर काढले. दोन्ही धागे हिरवट होते. वारा लागला तसे ते बदलू लागले, आणि सगळ्यांनी माना पुढे केल्या.

"काय दिसतंय?" बार्बानं विचारलं. मग नातीलाच विचारलं. "फेव्रोनिया, काय दिसतंय?"

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. ती पोरगी म्हणेल तेच खरं धरलं जाणार होतं, आणि काच त्या पोरीचीच होती.

"रुमालातला जांभळा आहे," फेव्रोनिया म्हणाली. मग आजोबांकडे वळून म्हणाली, "उघडा निळा. लडींसारखाच निळा, आजोबा. उन्हानं झालंय. बरण्या मी मांडल्या होत्या."

"मीपण बघतेय," सिस्टर म्हणाल्या. "लख्ख निळा."

"बार्बा," गारिफालिया म्हणाली, "नीळ लोकरीला धरते का?"

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"नाही."

"म्हणजे गुरुवारीच तुम्हाला ठाऊक होतं, मी काही केलं नाही."

"काय झालं ते ठाऊक नव्हतं. तू केलं नाहीस, एवढं होतं." म्हाताऱ्यानं काठी उगाच इकडची तिकडे केली. "ही पोर पहिल्यांदा काही मनावर घेऊन करत होती. पहिल्याच घासाला खडा लागला असता तर परत अथेन्सला गेली असती. घर बंद झालं असतं माझं. तू... तू कुठे जाणार होतीस, पोरी?"

तो हे कुत्सितपणे म्हणाला नाही. अगदी खरं, मनातलं म्हणाला, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. आळ घेतला याचा राग तिला आला होता, पण तो राग उभ्या उभ्या करता येण्यासारखा होता. हे ऐकून तिला खाली बसावंसं वाटलं. एकवीस वर्षं ती समजत होती, म्हाताऱ्याचा आपल्यावर विश्वास आहे. होताच की. ही कुठे जात नाही, असा विश्वास.

"रविवारी चर्चबाहेर सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

रविवारी त्यानं सांगितलं. त्याबाबतीत म्हाताऱ्याला नावं ठेवायला जागा नाही. प्रार्थना सुटल्यावर नातीच्या खांद्यावर हात ठेवून तो पायरीवर उभा राहिला आणि जुना, खणखणीत आवाज काढला.

"ऐका रे! गारिफालियानं रंगात नीळ घातलेली नाही. सूर्यानं घातली. आता सूर्याला कुणी पुड्या विकल्या, ते पोलिडोरोसला विचारा!"

हशा पिकला. पोलिडोरोससुद्धा हसला, काय करतो बिचारा. कालिरोईनं गारिफालियाच्या पाठीवर थाप मारली. झालं, मिटलं, अशा चेहऱ्यानं लोक हलू लागले. गारिफालिया मात्र जागची हलली नाही.

"अर्धंच सांगितलंत, बार्बा," ती म्हणाली. "मी केलं नाही, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, तेही सांगा."

हसणं थांबायला थोडा वेळ लागला, पण थांबलं. फेव्रोनियानं मान खाली घातली. म्हातारा ज्या दिशेनं आवाज आला तिकडे तोंड करून उभा राहिला, आणि एकदा वाटलं, हा आता चिडणार, काठी आपटणार, नेहमीसारखा.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "ठाऊक होतं. तरी बोललो नाही."

लोकांनी तिला वाट करून दिली, आणि त्या वाटेवर शेजारची म्हातारी पुढे येऊन आपली किल्ली तिच्या हातात कोंबू लागली. गारिफालियानं ती घेतली नाही.

"या आठवड्यात मी घरी नसेन," ती म्हणाली.

फेव्रोनिया मागून धावत आली. "मावशी, रांजण नवा घेते मी, मातीचा, झाकणाचा. उद्या येशील ना? शंख येणार आहेत."

"शंख मठावर पाठवायला सांगितलेत मी कोळ्यांना," गारिफालिया म्हणाली. "सिस्टरकडे तळघर आहे. खिडकी नाही त्याला."

"आणि आजोबा?"

"आजोबांना तू आहेस की."

तिनं रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि चढणीला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही, कारण वर कुणी बघायला नव्हतं. पवित्र आठवड्याला सात दिवस उरले होते आणि तीन हजार शंख फोडायचे होते.